१० किलोमीटरचा नियम आणि २७५ मीटरची चिमणी : एफजीडीचा हिशोब कुणी मांडलाय का?

सीमांत (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातल्या कोळशावरच्या वीज संचांपैकी जवळपास ७८ टक्क्यांना एफजीडी बसवण्यातून मोकळं केलं. दोन दिवस वर्तमानपत्रांत गाजलं, मग सगळे विसरले. पर्यावरणवाले म्हणाले, उद्योगांपुढे लोटांगण घातलं. वीजवाले म्हणाले, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. खर्च आणि फायदा हे शब्द दोन्हीकडून भरपूर वापरले गेले, पण हिशोब कागदावर मांडलेला फारसा दिसला नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा किडा डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एफजीडी म्हणजे चिमणीत जाणाऱ्या धुरातला सल्फर डायऑक्साइड (पुढे नुसतं एसओटू म्हणतो) चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारं यंत्र. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने औष्णिक केंद्रांसाठी नवे निकष आणले आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ उलटलं, मुदत २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. २०२२ मध्ये पुन्हा मुदतवाढ, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा. आणि शेवटी क वर्ग पूर्ण माफ.

वर्ग कसे पाडले ते नीट बघा. राजधानी क्षेत्रापासून किंवा १० लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किमीच्या आत असेल ते केंद्र अ वर्गात. त्यांना २०२७ अखेरपर्यंत एफजीडी सक्तीचं. अतिप्रदूषित ठरवलेल्या भागापासून किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरापासून १० किमीच्या आत असेल ते ब वर्गात. त्यांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक करून घेणार. बाकी सगळे क.

वरवर पाहता हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. धुराचा एक टन निर्जन वाळवंटात सोडला काय आणि ठाण्यात सोडला काय, काढायचा खर्च तोच, पण नुकसान सारखं नाही. जिथे फुप्फुसं जास्त तिथे पैसे आधी घाला, हे तत्त्व चुकीचं म्हणता येणार नाही.

आता हिशोब. ६६० मेगावॅटचा एक संच घेऊ. एफजीडीचा खर्च मेगावॅटमागे सुमारे १.२ कोटी रुपये सांगितला जातो, म्हणजे एका संचाला ७९२ कोटी. युनिटमागे २५ ते ३० पैसे वाढतील, असं उद्योगाचंच म्हणणं. आपण वरचा आकडा धरू. संच ७० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला साधारण ४०५ कोटी युनिट. गुणिले ३० पैसे, म्हणजे वर्षाला १२१ कोटी रुपये. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज अशा संचातून आली, तर बिल ६० रुपयांनी वाढेल.

या १२१ कोटींत मिळतं काय? युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा, त्यात अर्धा टक्का गंधक, म्हणजे वर्षाला २६ हजार टनांच्या आसपास एसओटू. त्यातला ९० टक्के पकडला तर टनामागे खर्च पडतो ५० हजार रुपयांच्या घरात. हा माझा ढोबळ हिशोब आहे; कुणाला दुरुस्त करायचा असेल तर करा.

आता फायद्याची बाजू. इथे बहुतेक जण हात टेकतात, कारण माणसाच्या जिवाची किंमत कशी लावणार? मग उलटीकडून येऊ. जिवाचं मोल समजा १ कोटी धरलं, तर या संचामुळे वर्षाला किती मृत्यू टळले म्हणजे खर्च वसूल? बारा. आजारपण, बुडालेले रोज, दवाखान्याची बिलं काहीच धरलेलं नाही, नुसते बारा मृत्यू.

एसओटू हवेत गेल्यावर काही तासांत, दिवसांत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीत, जमा होतात. समजा त्या पट्ट्यात ३ कोटी लोक राहतात. वर्षाला हजारी सात या दराने तिथे २ लाख १० हजार मृत्यू होतात. त्यातले बारा म्हणजे ०.००६ टक्के. हे कुठल्याही सिव्हिल हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही. कुठलाही जिल्हाधिकारी, कुठलाही पत्रकार, कुठलाही डॉक्टर बोट ठेवून सांगू शकणार नाही की हा माणूस त्या चिमणीमुळे गेला.

माझा मुद्दा इथे आहे. मोठ्या संचांना २७५ मीटरची चिमणी कशासाठी बांधायला लावतात? धूर जवळपास पडू नये, लांब पसरून विरळ व्हावा म्हणून. आणि आता नियम म्हणतो, १० किमीच्या आत कोण राहतं ते बघा. चिमणीने नुकसान जिथून हलवलं नेमकं तिथेच आपण ते मोजायला गेलो, आणि सापडलं नाही म्हणून नाहीच म्हणालो.

बिलातले ६० रुपये मात्र प्रत्येकाला दिसतात.

---

बॉयलरवाला

धागा चांगला आहे, पण प्राध्यापकसाहेब, प्लँटमध्ये उभं राहून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. माझं आयुष्य औष्णिक केंद्रांत गेलं, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आपला कोळसा गंधकाला कमी आणि राखेला जास्त. गंधक तुम्ही म्हणता तसं अर्धा टक्का, राख पस्तीस-चाळीस टक्के. २०१५ चे निकष बाहेरच्या देशांकडे बघून केले, तिथल्या कोळशात गंधक कितीतरी जास्त असतं. आपला खरा शत्रू राख. ती पकडायला ईएसपी असतात, म्हणजे विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या जाळ्या. नवीन असताना फर्स्ट क्लास चालतात. पुढे काय होतं? हॉपर, म्हणजे खाली राख साठते ते नसराळं, चोक होतो, राख वर चढते, फील्ड, म्हणजे जाळ्यांचा एक भाग, शॉर्ट होतं, ट्रिप होतं. शिफ्ट इंजिनियर लॉगबुकात लिहितो "फील्ड आउट", आणि ते पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत आउटच राहतं, कारण राख काढायला संच बंद करावा लागतो आणि लोड डिस्पॅचवाले, म्हणजे कुठला संच कधी चालवायचा ते ठरवणारे, बंद करू देत नाहीत. ७९२ कोटींतले शंभर कोटी मला द्या, जुन्या संचांचे ईएसपी नीट करून देतो. त्यातून किती जीव वाचतील याचा हिशोब करा.

दुसरं, एफजीडी स्वतः वीज खातं, एक-दीड टक्का. म्हणजे तेवढा कोळसा जादा जाळायचा. चुनखडी खाणीतून आणायची, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जिप्सम निघतं, ते सिमेंटवाल्यांनी उचललं तर ठीक, नाहीतर त्याचा डोंगर.

तिसरं, नीरी (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था), आयआयटी दिल्ली यांनी मोजमापं केली आहेत. हवेतलं एसओटू सगळीकडे ८० मायक्रोग्रॅमच्या निकषाच्या बरंच खाली. एफजीडी असलेल्या केंद्राजवळ आणि नसलेल्या केंद्राजवळ फारसा फरक नाही. हे सरकारने हवेतून काढलेलं नाही.

---

सीमांत

@बॉयलरवाला, तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तोच वादाचा गाभा आहे. त्या मोजमापांवर माझा अविश्वास नाही. पण मोजलं काय? वायुरूपातला एसओटू. तो निकषाखाली आहे, कारण चिमणी उंच आहे आणि त्याचा बराच भाग लांब जाऊन सल्फेट होतो. आपला प्रश्न पीएम २.५ चा आहे, आणि तो आपल्याकडे निकषात बसत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चोर मागच्या दाराने गेला आणि आपण पुढच्या दारावर बसून हजेरी घेतोय.

पहिला मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. तुम्ही जे म्हणालात त्याला आमच्याकडे संधीखर्च म्हणतात, आणि पर्यावरणवाल्यांच्या लिखाणात तो क्वचितच येतो. ७९२ कोटींचा फायदा खर्चापेक्षा जास्त आहे एवढं दाखवून भागत नाही. त्याच पैशात दुसरीकडे जास्त जीव वाचत असतील तर आधी तिकडे जायला हवं. ईएसपी, चुलीचा धूर, शेतातला पाचट जाळणं, यादी मोठी आहे.

फक्त एक विचारतो. एफजीडी माफ झालं तेव्हा वाचलेले पैसे ईएसपीकडे वळवा, अशी अट घातली गेली का? दोन पर्यायांची तुलना करायची तर दुसरा पर्याय खरोखर व्हायला हवा.

---

उगाचच

शेतीपंपांना फुकट वीज द्यायची, थकबाकी माफ करायची, आणि आम्ही पगारदारांनी वर ३० पैसे भरायचे. आधी ती गळती थांबवा, मग एफजीडी लावा.

---

संपादक मंडळ

शेतीपंपांच्या वीजबिलावर स्वतंत्र धागा आहे. इथले तीन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

---

घोलवडकर

एफजीडीचा विषय निघाला आणि डहाणूचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो.

डहाणूचं औष्णिक केंद्र २५०-२५० मेगावॅटच्या दोन संचांचं, १९९५ चं. त्याच्या आधीच, जून १९९१ मध्ये, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. केंद्राच्या मंजुरीतच एफजीडीची अट होती. ती पाळली जाईना. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी बसवायचा आदेश दिला. मग वकिलांची फौज, टाळाटाळ, पुढे ३०० कोटींच्या बँक हमीचा आदेश, आणि २००७ मध्ये एकदाचं एफजीडी सुरू झालं. तेही समुद्राच्या पाण्यावर चालणारं, कारण खारं पाणी मुळातच आम्ल मारतं, चुनखडी लागत नाही. देशात बाकीचे २०२५ मध्ये सुटले, आमच्याकडे अठरा वर्षं आधीच चालू झालेलं.

सीमांत, तुमच्यासाठी यातला कामाचा मुद्दा असा. आम्ही बागायतदार तेव्हा म्हणायचो, चिकूचं उत्पन्न घटलं ते धुरामुळे. कंपनी म्हणायची, पुरावा द्या. आता चिकूच्या झाडाला काय एकच दुखणं असतं? कळी पोखरणारी अळी, बी पोखरणारी अळी, जुनी झालेली झाडं, विहिरींत शिरणारं खारं पाणी, लांबलेला पाऊस. पानावर काळसर थर आणि गळालेली बारीक फळं हातात घेऊन सुनावणीला गेलं की समोरचा विचारायचा, यातली किती एसओटूने गळाली? त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं आणि कृषी शास्त्रज्ञांकडेही एकमताचं नव्हतं. हिशोबावर सोडलं असतं तर आम्ही हरलो असतो. अट आधीच लिहिलेली होती आणि ती पाळायला लावणारा माणूस खुर्चीत होता, म्हणून एफजीडी लागलं. खर्च-फायदा कुणी काढला नाही.

(त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता आणि २०२३ मध्ये परवानगी दिली, तो वेगळा आणि आमच्यासाठी जास्त दुखरा विषय.)

---

नीरजा_प

@सीमांत, विद्यार्थिनी आहे, चुकलं तर सांगा. जिवाचं मोल १ कोटी हे कुठून आलं? आणि अमेरिकेत हा आकडा कितीतरी जास्त धरतात असं वाचलं. म्हणजे आपला जीव स्वस्त का?

---

सीमांत

@नीरजा_प, १ कोटी मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतला. ५० लाख घ्या, मग चोवीस मृत्यू लागतील. निष्कर्ष फारसा हलत नाही, म्हणूनच उलटा हिशोब मला आवडतो.

नेहमीची पद्धत अशी: जास्त जोखमीच्या कामाला किती जादा मजुरी द्यावी लागते ते बघतात. दहा हजारांत एक मृत्यू इतक्या जोखमीसाठी लोक वर्षाला ५ हजार रुपये जादा मागत असतील, तर दहा हजार जणांचे मिळून झाले ५ कोटी. ही कुणा एका माणसाची किंमत नव्हे; थोडी थोडी जोखीम कमी करायला सगळे मिळून किती द्यायला तयार आहेत त्याची बेरीज. आणि हो, गरीब देशात ती कमी येते, कारण गरिबाकडे द्यायला पैसेच कमी. या पद्धतीतला हा सगळ्यात अवघड कोपरा आहे आणि त्यावर समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एकाच देशात तरी श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच आकडा लावतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या एका विश्लेषणात सत्तरीपुढच्या माणसाचं मोल ३७ टक्क्यांनी कमी धरलेलं निघालं. २३ लाख डॉलर, इतरांचं ३७ लाख. म्हाताऱ्यांच्या संघटना एवढ्या खवळल्या की तो प्रकार सोडून द्यावा लागला.

---

पिट्सबर्गचा_पाहुणा

मी राहतो त्या भागात हा सगळा इतिहास झालेला आहे, म्हणून थोडं.

ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या केंद्रांनी १९७० नंतर उंच उंच चिमण्या बांधल्या. गावातली हवा सुधारली, आणि गंधक न्यूयॉर्कच्या डोंगरांतल्या तळ्यांत आणि कॅनडात जाऊन आम्ल होऊन पडायला लागलं. तुमचा चिमणीचा मुद्दा इथे अक्षरशः घडलाय. १९९० मध्ये कायदा बदलला आणि परवान्यांचा बाजार आला: एकूण उत्सर्जनावर मर्यादा, प्रत्येक टनाला परवाना, ज्याला स्वस्तात कमी करता येतं त्याने करावं आणि उरलेले परवाने विकावेत. १९९५ मध्ये सुरू झाला. उद्योग आधी ओरडत होता की दिवाळं निघेल. प्रत्यक्षात नव्वदीच्या उत्तरार्धात परवाना टनाला बहुतेक शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास राहिला. रेल्वेवरचे निर्बंध आधीच १९८० मध्ये उठले होते, वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा स्वस्तात पूर्वेकडे यायला लागला, आणि अनेकांनी एफजीडी बसवलंच नाही, कोळसा बदलला. कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचलं नसतं. परवान्याला किंमत होती म्हणून केंद्रांना सुचलं.

गंमत म्हणजे सगळा खटाटोप तळ्यांसाठी केला, पण नंतर हिशोब झाला तेव्हा बहुतेक सगळा फायदा बारीक कण कमी झाल्यामुळे वाचलेल्या जिवांचा निघाला. तळी त्या मानाने किरकोळ.

हाच जोडफायदा पुढे कोर्टात भांडणाचा विषय झाला. वीज केंद्रांच्या धुरातला पारा कमी करायच्या नियमाचा खर्च वर्षाला ९६० कोटी डॉलर, पारा कमी झाल्याचा थेट मोजता आलेला फायदा फक्त ४० ते ६० लाख डॉलर, आणि सोबत कमी होणाऱ्या कणांचा फायदा ३,७०० ते ९,००० कोटी डॉलर. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण संस्थेला फटकारलं की नियम करायचा की नाही हे ठरवतानाच खर्च बघायला हवा होता. जोडफायदा धरायचा की नाही, यावर तो नियम सोन्याचा किंवा कवडीमोल ठरतो.

---

बॉयलरवाला

पाहुणे, तुमच्या त्या शंभर-दोनशे डॉलरच्या शेजारी सीमांतचे टनाला ५० हजार रुपये ठेवा. ५०० ते ६०० डॉलर झाले. आमचं हेच म्हणणं आहे. कमी गंधकाच्या कोळशावर एफजीडी लावलं की टनाचा भाव वाढतो, कारण यंत्र तेवढंच मोठं आणि पकडायला माल कमी.

---

सीमांत

बरोबर, टनाचा भाव जास्त आहे. पण तो टन वाऱ्याबरोबर जिकडे जातो तिकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त माणसं राहतात. गंगेच्या मैदानातल्या आणि थरच्या टोकावरच्या केंद्राचं उत्तर वेगळं येईल, आणि मी सगळीकडे एफजीडी बसवा असं म्हणत नाहीये. काही संचांना माफी योग्यच असेल. जुने, चार-पाच वर्षांत बंद व्हायचे आहेत त्यांना तर नक्कीच. माझा आक्षेप पट्टीवर आहे. १० किमीच्या ऐवजी वारा कुठे जातो आणि तिथे किती लोक आहेत हे धरून यादी केली असती, तर ती वेगळी झाली असती. गणित अवघड नाही, हवामानाची प्रारूपं आपल्याकडे आहेत.

---

चांद्याची_लेक

इतके प्रतिसाद वाचले. सल्फेट तीनशे किलोमीटरवर जातं, तिथल्या ३ कोटींना धरा म्हणताय. आणि जे तीन किलोमीटरवर राहतात त्यांचं काय? माझं माहेर विदर्भातल्या एका केंद्राच्या सावलीत आहे, नाव घेत नाही. गच्चीवर कुरडया घालायच्या तर पहाटे घालून, वर जुनी साडी ताणून, ऊन चढायच्या आत वारा बघून उचलायच्या. तरी दाताखाली कचकच येतेच. पांढरा शर्ट दोरीवरून काढला की आधी झटकायचा, मग घडी. राख वाहून नेणारे बल्कर ट्रक रात्रभर. आईचा दमा आहे, डॉक्टर म्हणतात हवा बदला, म्हणजे घर विका.

तुमच्या हिशोबात एफजीडी लावलं तरी हे काही कमी होत नाही. वीज जाते मुंबई-पुण्याला, सल्फेट जातं आणखी कुठे, राख आमच्याकडे राहते. बेरजेत आम्ही कुठे दिसतो?

---

सीमांत

@चांद्याची_लेक, बेरजेत दिसत नाही. खर्च-फायदा पद्धत एकूण किती हे सांगते, कुणाला किती हे सांगत नाही. वेगळा रकाना करून लिहावं लागतं, आणि तो बहुतेक अहवालांत नसतो. तुमच्या माहेरासाठी बॉयलरवाला म्हणतात ते आधी: ईएसपी, राखेची वाहतूक, राखेचे बंधारे. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा नुकसान १० किमीच्या आतच होतं, आणि ते एसओटूच्या कुठल्याच वर्गवारीत बसत नाही.

कोळशावर कर होता, हेही इथे सांगायला हवं. २०१० मध्ये टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत ४०० झाला. मूळ हेतू स्वच्छ ऊर्जेला पैसा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईच्या खात्यात वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. ४०० रुपये टनाने खाणीजवळच्या लोकांसाठी, राखेसाठी, ईएसपीसाठी बरंच काही करता आलं असतं. शिवाय तो कर टनावर होता, धुरावर नाही. स्वच्छ केंद्र आणि घाणेरडं केंद्र, दोघांना सारखाच.

---

नीरजा_प

मग धुरावर कर किंवा परवान्यांचा बाजार आपल्याकडे चालेल का? मोजणार कोण? प्रदूषण मंडळाचा माणूस यायच्या आधी फोन येतो म्हणतात.

---

सीमांत

चालतो, हे सुरतेने दाखवलंय. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या ३१७ कारखान्यांवर प्रयोग केला, बहुतेक कापड उद्योगातले, कोळशाचे बॉयलर असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला जुनेच नियम. दुसऱ्याला धुळीच्या कणांचे परवाने, किलोला किमान ५ आणि कमाल १०० रुपये अशा पट्ट्यात खरेदी-विक्री, आणि चिमणीला सतत मोजणारी यंत्रं. बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्के घटलं, जवळजवळ सगळ्यांनी, ९९ टक्क्यांनी, धुराएवढे परवाने भरले, आणि फायदा खर्चाच्या निदान २५ पट निघाला. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि सुदर्शन यांचा हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मोजणी कोण करणार, यावर गुजरातमध्येच त्याआधी वेगळा प्रयोग झाला होता. कारखान्याचं लेखापरीक्षण करणारा सल्लागार कारखान्याकडूनच पैसे घेतो, तेव्हा बहुतेक अहवाल मर्यादेच्या बरोब्बर जरासे खाली येतात. परीक्षक चिठ्ठीने नेमला, पैसे सामायिक खात्यातून दिले आणि काही ठिकाणी पुन्हा जाऊन तपासलं, तर अहवाल खरे यायला लागले. आणि मग कारखान्यांनी धूरही कमी केला! आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ पासून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन माहिती जाहीर करायला सुरुवात केली. तारे म्हणजे बाजार नव्हे, पण आकडा लोकांसमोर येतो एवढं तरी झालं.

---

बॉयलरवाला

बाजाराच्या बाजूने मीच एक मुद्दा देतो, आश्चर्य वाटेल. वीज घेताना लोड डिस्पॅचवाले स्वस्त संच आधी चालवतात, त्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. ज्याने एफजीडी लावलं त्याचा चालवायचा खर्च वाढतो, चुनखडी आणि जादा वीज. म्हणजे तो यादीत खाली सरकतो आणि शेजारचा, न लावलेला, वर जातो. धुऊन सोडणारा बंद आणि न धुणारा फुल लोड. हे मी कंट्रोल रूममध्ये बसून बघितलंय. तुमचा धुरावरचा कर असता तर यादी उलटी झाली असती.

---

उगाचच

एक खरोखरचा प्रश्न, शेतीपंप सोडून. ज्यांनी आधीच बसवलंय, आणि आता क वर्गात माफ झालेत, ते चालू ठेवणार का? पैसे तर आम्ही भरतोय.

---

बॉयलरवाला

भांडवली खर्च २०१८ पासून कायद्यातला बदल म्हणून धरतात, वीज नियामक आयोगाने मान्य केला की दरात येतो. तो यंत्र चालवलं तरी मिळतो, नाही चालवलं तरी. चुनखडी आणि वीज मात्र चालवली तरच लागते. सक्ती नसेल, मेरिट ऑर्डरमध्ये खाली जायचं असेल, आणि धूर बाजूने काढायची सोय असेल, तर तुम्ही प्लँट हेड असता तर काय केलं असतं?

---

सीमांत

म्हणजे त्या संचांपुरता ३० पैशांचा हिशोब संपलाच. त्यातला मोठा भाग भांडवलाचा, तो गेलेला पैसा. उरले चुनखडीचे आणि जादा विजेचे मोजके पैसे, आणि समोर तेच २३-२४ हजार टन. माझ्या वरच्या हिशोबात बाराऐवजी दोन-तीन मृत्यू टळले तरी भरून निघतंय. बॉयलरवाला, संचानिहाय चालू खर्चाचा आकडा आयोगाच्या आदेशांत वेगळा दाखवलेला असतो का? असला तर पुढचा तक्ता त्यावरून करतो.

---

बॉयलरवाला

असतो. चुनखडीचा भाव आणि जादा वीजवापर, दोन्ही वेगळे रकाने. एक-दोन आदेश शोधून इथेच टाकतो, उद्या सेकंड शिफ्ट आहे.